खाण कंपनी देश कसा निवडते? तांब्यापासून लिथियमपर्यंत, एकेक पायरी

२०११ मध्ये रिओ टिंटोने मोझांबिकच्या टेटे प्रांतातल्या कोळशासाठी रिव्हर्सडेल ही ऑस्ट्रेलियन कंपनी साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त किंमत मोजून विकत घेतली. कोळसा खरोखरच होता. तो झांबेझी नदीतून बार्जने समुद्रापर्यंत न्यायचा असा बेत होता, पण सरकारने नदीतल्या वाहतुकीला परवानगी दिली नाही. पोलादासाठी लागणारा कोकिंग कोळसाही अंदाजापेक्षा कमी निघाला. जानेवारी २०१३ मध्ये कंपनीने या खरेदीपोटी सुमारे तीन अब्ज डॉलर बुडीत धरले. त्याच दिवशी ॲल्युमिनियम व्यवसायातलीही मोठी खोट जाहीर झाली आणि मुख्याधिकारी टॉम अल्बनीज पायउतार झाले. पुढच्या वर्षी ही मालमत्ता भारतातल्या सरकारी कंपन्यांनी मिळून उभ्या केलेल्या आयसीव्हीएलने ५ कोटी डॉलरला घेतली. तिथल्या बेंगा खाणीत टाटा स्टीलचा ३५ टक्के वाटा आधीपासूनच होता.

जगातल्या सर्वात अनुभवी खाण कंपन्यांपैकी एक इथे फसली, म्हणून सुरुवात या गोष्टीने केली. कापडाची गिरणी बंद करून यंत्रे दुसऱ्या राज्यात नेता येतात. खाण उचलून नेता येत नाही. पैसा एकदा जमिनीत गेला की सौद्यातला वरचा हात कंपनीकडून यजमान सरकारकडे जातो, आणि हे दोन्ही बाजूंना पहिल्या दिवसापासून माहीत असते. म्हणून देश निवडताना खरा प्रश्न "आज कर किती?" हा नसतो. वीस वर्षांनी, तिसरे सरकार आल्यावर, भाव दुप्पट किंवा निम्मा झाल्यावर आजच्या सहीला किती मान असेल, हा असतो. खालच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाची उत्तरे शोधण्यासाठी आहेत.

नागपुरातून भूशास्त्र किंवा खाण अभियांत्रिकी करून बाहेरदेशी निघालेल्यांना, खाण कंपन्यांचे शेअर घेणाऱ्यांना, आणि गोव्यात किंवा गडचिरोलीत खाणीच्या बातम्या रोज वाचणाऱ्यांना हे उपयोगी पडावे.

पहिली पायरी: आधी खनिज, मग देश

कंपनी नकाशावर देश शोधत नाही, विशिष्ट प्रकारचा साठा शोधते. तांबे हवे असेल तर दोन पट्टे आधी डोळ्यासमोर येतात. एक अँडीजचा: चिली, पेरू. इथले साठे प्रचंड मोठे, पण खडकात तांबे थोडे, बहुतेक उघड्या खाणींत एक टक्क्याहूनही कमी. दुसरा मध्य आफ्रिकेचा: काँगो आणि झांबिया. काँगोत मे २०२१ मध्ये सुरू झालेल्या कामोआ-काकुला खाणीत सुरुवातीच्या खनिजात पाच टक्क्यांहून जास्त तांबे होते. काँगोत काम करणे अवघड असूनही कंपन्या का जातात, त्याचे निम्मे उत्तर या आकड्यात आहे.

या टप्प्यावर तपासायची गोष्ट म्हणजे माहिती. देशाच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे नकाशे, हवाई चुंबकीय सर्वेक्षण आणि जुन्या बोअरमधले कोर (खडकाचे नमुने) कोणालाही पाहायला मिळतात का? ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड हे सगळे खुले ठेवतात, म्हणून तिथे छोटी कंपनीसुद्धा कमी पैशांत अंदाज बांधू शकते. माहिती कपाटात बंद असलेल्या देशात पहिले काही लाख डॉलर, इतरांना आधीच माहीत असलेली गोष्ट पुन्हा शोधण्यात जातात.

वेळेचेही भान हवे. साठा सापडल्यापासून पहिला धातू बाहेर पडेपर्यंत पंधरा वर्षे सहज जातात. म्हणजे आज ज्या सरकारशी बोलणी चालू आहेत, ते उत्पादन सुरू होईल तेव्हा बहुधा सत्तेवर नसेल.

दुसरी पायरी: सापडलेले खनिज आपले राहणार का?

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि वर्तमानपत्रांत हिच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिले जाते. बहुतेक देशांत जमिनीखालचे खनिज सरकारच्या मालकीचे असते. कंपनीला मिळतो तो हक्क: आधी पूर्वेक्षणाचा (साठा शोधण्याचा), मग खाणपट्ट्याचा. प्रश्न या दोहोंमधल्या सांध्याचा आहे. शोधणाऱ्याला खाणीचा हक्क आपोआप मिळतो की पुन्हा सरकारच्या दारात उभे राहावे लागते?

चिलीने याचे उत्तर फार स्पष्ट दिले आहे. १९७१ मध्ये अध्यक्ष अलेंदे यांच्या काळात मोठ्या तांबे खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा परदेशी कंपन्यांनी चिलीवर फुली मारली. १९८२ च्या कायद्याने खाणीचा परवाना न्यायालयाने द्यायचा आणि त्याला मालमत्तेसारखे संरक्षण द्यायचे अशी व्यवस्था आली. एस्कोन्दिदा ही जगातली सर्वात मोठी तांबे खाण १९९० मध्ये सुरू झाली ती या पायावर. मात्र लिथियमला चिलीत हा नियम लागू नाही, १९७९ पासून त्याचे परवाने असे मिळतच नाहीत. एकाच देशात दोन खनिजांचे दोन कायदे असू शकतात, हे विसरू नये.

भारताचे उदाहरण आपल्याला जवळचे. २०१५ च्या दुरुस्तीने खाणपट्ट्यांचा लिलाव आला. पारदर्शकतेच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण ज्याने खडक फोडून साठा शोधला त्याला तो मिळेल याची हमी गेली. परदेशी शोध कंपन्या आपल्याकडे फारशा न येण्याचे हे मोठे कारण आहे. २०२३ च्या दुरुस्तीत २९ महत्त्वाच्या आणि खोलवरच्या खनिजांसाठी वेगळा शोध परवाना आला. साठा सापडला तर पुढच्या लिलावातल्या अधिमूल्याचा (बोलीतून सरकारला मिळणाऱ्या जादा रकमेचा) वाटा शोधणाऱ्याला मिळतो. सुधारणा आहे, पण वाटा मिळणे आणि खाण मिळणे यात अंतर आहे.

आता गोवा. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांची दुसरी नूतनीकरणे रद्द केली आणि १६ मार्चपासून खनिज काढणे थांबले. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, किती घरांची चूल त्यावर होती ते गोवेकरांना सांगायला नको. पण पट्टे रद्द झाले ते नूतनीकरण कायद्याला धरून झाले नव्हते म्हणून. पनामात हेच आंतरराष्ट्रीय पातळीवर घडले. कोब्रे पनामा या तांबे खाणीचा मूळ करार १९९७ च्या एका कायद्याने झाला होता. स्पर्धात्मक निविदा झाली नाही, म्हणून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. फर्स्ट क्वांटम कंपनीचे सुमारे दहा अब्ज डॉलर तिथे लागले होते. नवा करार ऑक्टोबर २०२३ मध्ये संसदेने घाईने मंजूर केला, लोक हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस न्यायालयाने तोही रद्द केला. जगातले सुमारे एक टक्का तांबे देणारी खाण बंद पडली.

म्हणून वकिलाला विचारायचा प्रश्न असा: आपला हक्क ज्या प्रक्रियेने आला, ती उद्या एखाद्या कठोर न्यायाधीशासमोर टिकेल का? मंत्र्याने खास मेहेरबानीने दिलेला परवाना हा सगळ्यात कच्चा परवाना. शिवाय लाच देऊन मिळवलेला हक्क आता घरच्या देशातही महागात पडतो. २०२२ मध्ये ग्लेनकोर या खाण आणि खनिज-व्यापार कंपनीने अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या न्यायालयांत लाचखोरीचा गुन्हा कबूल केला आणि एक अब्ज डॉलरहून जास्त भरले.

तिसरी पायरी: कराचा दर नव्हे, कराची जात पाहा

सरकारचा वाटा अनेक वाटांनी जातो: रॉयल्टी, कंपनी कर, निर्यात शुल्क, लाभांशावरचा कर, आणि सरकारला फुकट द्यायचा भागभांडवलाचा हिस्सा. यांची बेरीज करण्याआधी एक गणित कागदावर करून पाहा.

समजा एक टन तांबे ९,००० डॉलरला विकले जाते आणि ते काढायला ७,००० डॉलर खर्च येतो. नफा २,०००. विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी म्हणजे ५४० डॉलर, नफ्याच्या २७ टक्के. आता भाव ७,५०० वर उतरला असे धरा. रॉयल्टी ४५०, आणि नफा उरला आहे फक्त ५००. नव्वद टक्के गेले. त्याऐवजी नफ्यावर ३० टक्के कर असता तर आधी ६०० आणि नंतर १५० गेले असते. रॉयल्टीला भावातली पडझड दिसत नाही, नफ्यावरच्या कराला दिसते.

२०१५ च्या सुरुवातीला झांबियाने उघड्या खाणींची रॉयल्टी ६ वरून २० टक्क्यांवर नेली. कॅनडाच्या बॅरिक कंपनीने आदल्या डिसेंबरमध्येच लुमवाना ही कमी प्रतीच्या खनिजाची खाण थांबवण्याचे जाहीर केले होते. काही महिन्यांत सरकारने दर ९ टक्क्यांवर आणला. वरच्या उदाहरणात २० टक्के घालून पाहा, म्हणजे कंपनीची ती घोषणा का आली ते कळेल: ९,००० च्या भावालाही १,८०० डॉलर जातात.

पण सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. विक्री मोजता येते, नफा लपवता येतो. परदेशातल्या आपल्याच कंपनीला स्वस्तात माल विकला की नफा कागदावर नाहीसा होतो, ही भीती खरी आहे. शिवाय झांबियाचा आधीचा अनुभव कडू होता. खासगीकरणाच्या वेळी, भाव पडलेले असताना, काही कंपन्यांना फक्त ०.६ टक्के रॉयल्टीवर करार मिळाले. नंतर भाव कडाडले, लोकांना आपल्या हाती काहीच येत नाही असे दिसले, आणि २००८ मध्ये सरकारने ते करार एकतर्फी मोडून वाढीव नफ्यावर कर लावला. तो पुढच्याच वर्षी मागे घेतला, २०१५ मध्ये पुन्हा दर वर गेले, पुन्हा खाली आले.

फार गोड करार टिकत नाही. समोरचा अडचणीत असताना पदरात पाडून घेतलेली सवलत त्याची अडचण संपली की परत मागितली जाते, म्हणून अनुभवी कंपनी अशा सवलतीकडे धोका म्हणून पाहते. बोट्स्वानाची गोष्ट याच्या शेजारी ठेवा. १९६६ मध्ये देश स्वतंत्र झाला, १९६७ मध्ये ओरापाला हिरे सापडले. त्याच वर्षी कायदा करून खनिजांची मालकी वेगवेगळ्या टोळ्यांकडून राष्ट्राकडे आली. डी बिअर्स या हिरे कंपनीबरोबरच्या भागीदारी कंपनीत सरकारचा हिस्सा आधी १५ टक्के होता, १९७५ मध्ये तो निम्मा झाला. दोघांचे भागीदारीत भांडण होत राहिले, पण टेबलावर बसून झाले. कंपनीला कमी टक्के मिळाले, पण पन्नासहून जास्त वर्षे मिळाले.

या पायरीवर कायद्याचे पुस्तक वाचून थांबू नका. गेल्या पंधरा वर्षांत कर किती वेळा बदलला आणि बदलण्याआधी उद्योगाशी चर्चा झाली का, याचा तक्ता करा. मंगोलियाने २००६ मध्ये तांबे आणि सोन्यावर ६८ टक्के अचानक-नफा कर लावला. तो रद्द करण्याचा निर्णय झाला तेव्हाच, २००९ मध्ये, ओयू तोलगोई या तांबे खाणीचा करार मार्गी लागला. इंडोनेशियाने २०१४ मध्ये कच्च्या निकेल खनिजाची निर्यात बंद केली, २०१७ मध्ये सैल केली, २०२० मध्ये पुन्हा बंद केली. ज्यांनी तिथेच भट्ट्या उभारल्या त्यांचा फायदा झाला, ज्यांना फक्त खनिज जहाजात भरायचे होते त्यांचा खेळ संपला.

चौथी पायरी: बंदर, वीज, पाणी

मोझांबिकची गोष्ट वर आलीच आहे. गिनीतल्या सिमांदूला लोहखनिजाचे अव्वल साठे आहेत, रिओ टिंटोला पहिला परवाना १९९७ मध्ये मिळाला, पण सुमारे ६०० किलोमीटरचा रेल्वेमार्ग आणि बंदर उभे राहून माल निघायला २०२५ उजाडले. मधल्या काळात निम्मा परवाना सरकारने काढून दुसऱ्याला दिलाही होता. पाण्याचे म्हणाल तर एस्कोन्दिदाला समुद्राचे पाणी गोडे करून तीन हजार मीटरहून उंच चढवावे लागते. झांबियात २०२४ च्या दुष्काळात करिबा धरण आटले आणि वीज तुटली.

तपासणीचा सोपा नियम: मार्ग कोणाच्या मालकीचा, त्यावर आपल्या मालाला किती जागा, आणि वाटेत किती सीमा. यातले एकही उत्तर "सरकार नंतर बघेल" असे असेल तर त्या प्रकल्पाचा अहवाल बाजूला ठेवा.

पाचवी पायरी: तिथल्या लोकांना काय हवे आहे?

ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला. बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. लांजीगडला वेदांताचा कारखाना आधीच उभा होता. डोंगरावर डोंगरिया कोंध आदिवासींचा देव नियमराजा राहतो, हे कारखाना बांधण्याआधीही तितकेच खरे होते.

पापुआ न्यू गिनीतल्या बुगनव्हिल बेटाचा अनुभव याहून भयंकर. पांगुना तांबे खाण १९७२ मध्ये सुरू झाली, नदी गाळाने भरली, पैसा राजधानीत गेला, बेटावर राग साठत गेला. १९८९ मध्ये खाण बंद पडली आणि त्या बेटाने दीर्घ यादवी युद्ध पाहिले. ती खाण आजही बंदच आहे.

केंद्र सरकारची सही म्हणजे देशाची संमती नव्हे. कंपनीचा माणूस राजधानीतल्या हॉटेलात किती दिवस राहिला आणि खाणीशेजारच्या गावात किती, हे मी नेहमी विचारतो. गावाची जमीन, पाणी आणि थडगी कुठे आहेत, आधीच्या कंपनीने काय वचने दिली होती आणि त्यातली किती पाळली, हे बोअर मारण्याआधी समजून घ्यावे लागते. आणि लोक आता लांबवर दाद मागू शकतात. झांबियातल्या चिंगोलाजवळच्या गावकऱ्यांनी नदीच्या प्रदूषणासाठी वेदांतावर लंडनमध्ये दावा लावला, आणि एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो तिथे चालू शकतो असा निकाल दिला.

सहावी पायरी: बिनसलेच तर

बलुचिस्तानातल्या रेको डिक या तांबे-सोन्याच्या साठ्याचा खाणपट्टा पाकिस्तानात २०११ मध्ये नाकारला गेला. बॅरिक आणि अँटोफागास्ता यांची भागीदारी कंपनी ऑस्ट्रेलियात नोंदलेली होती, म्हणून तिला ऑस्ट्रेलिया-पाकिस्तान गुंतवणूक कराराचा आधार मिळाला. २०१९ मध्ये जागतिक बँकेच्या छत्राखालच्या लवादाने जवळपास सहा अब्ज डॉलरचा निवाडा दिला. वसुली झाली नाही, तडजोड झाली: २०२२ मध्ये प्रकल्प नव्याने ठरला, बॅरिकला निम्मा हिस्सा, उरलेला पाकिस्तानच्या केंद्रीय कंपन्यांना आणि बलुचिस्तानला समसमान. लवादाचा कागद मुख्यतः पुन्हा बोलणी सुरू करायला लागतो. पण तो नसेल तर बोलणीही होत नाहीत.

भारतीय कंपन्यांनी इथे विशेष जपावे. २०१६ नंतर भारताने आपले बहुतेक जुने द्विपक्षीय गुंतवणूक करार संपवण्याच्या नोटिसा दिल्या. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या भारतीय गुंतवणूकदाराचे कवचही पातळ झाले. सही करण्याआधी चालू करार आहे का ते पाहा, आणि नसेल तर जागतिक बँक गटाच्या मिगाकडे किंवा मुंबईच्या ईसीजीसीकडे राजकीय जोखमीच्या विम्याची चौकशी करा.

सातवी पायरी: आकड्यात मांडणे

हे सगळे शेवटी एका दरात येऊन बसते: पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायचा दर. वीस वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत ८ टक्के दराने सुमारे साडेएकवीस रुपये, १५ टक्के दराने जेमतेम सहा. धोक्याच्या देशासाठी कंपनी चढा दर लावते. त्यामुळे तिथला दीर्घायुषी साठा कागदावर जवळजवळ फुकट ठरतो, आणि कंपनी लवकर, वरवरचे, उत्तम प्रतीचे खनिज काढून निघून जाण्याचा विचार करू लागते. नियम सतत बदलणाऱ्या सरकारला वाईट वागणारी कंपनी मिळते ती बऱ्याचदा या गणितामुळे.

देशांची क्रमवारी हवी असेल तर कॅनडातल्या फ्रेझर इन्स्टिट्यूटचे वार्षिक सर्वेक्षण सगळे पाहतात. त्यात ६० टक्के वजन खनिजसंपत्तीला आणि ४० टक्के धोरणांना असते. ते खाण कंपन्यांच्या लोकांच्या मतांवर आधारलेले आहे, गावकऱ्यांच्या नव्हे, हे लक्षात ठेवून वाचावे. स्वतःचा तक्ता करताना बेरीज करू नका. दुसऱ्या किंवा पाचव्या पायरीला शून्य असेल तर पहिलीतले शंभर गुण कामाला येत नाहीत.

आणि तक्ता कोणासाठी हेही ठरवा. अमेरिकेच्या फ्रीपोर्टने २०१६ मध्ये काँगोतली तेन्के फुंगुरुमे खाण विकली, ती चीनच्या सीएमओसीने २.६५ अब्ज डॉलरला घेतली. देश तोच, खडक तोच. एकाला कर्ज फेडायचे होते, दुसऱ्याला आपल्या देशातल्या कारखान्यांसाठी तांबे आणि कोबाल्ट हवे होते.

एक तालीम: काबिल आणि अर्जेंटिना

जानेवारी २०२४ मध्ये काबिल या भारतीय सरकारी कंपनीने अर्जेंटिनाच्या काटामार्का प्रांतात लिथियमचे पाच ब्लॉक घेतले, एकूण १५,७०३ हेक्टर, अंदाजे २०० कोटी रुपयांचा प्रकल्प. काबिलमध्ये नाल्को, हिंदुस्तान कॉपर आणि आपल्या नागपूरची एमईसीएल ही खनिज शोध कंपनी भागीदार आहेत. पायऱ्या लावून पाहू.

खनिज: काटामार्कात १९९० च्या दशकापासून खारवणातून (जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून) लिथियम निघते आहे, म्हणजे प्रदेश सिद्ध आहे. हक्क: अर्जेंटिनात खनिजे प्रांतांच्या मालकीची. काबिलचा करारही प्रांताच्या कंपनीशीच आहे, तेव्हा ब्यूनस आयर्सपेक्षा काटामार्काचे राजकारण वाचायला हवे. दुसऱ्या प्रांतात चित्र वेगळे असते: मेंदोसात २००७ चा कायदा खाणीत विषारी रसायने वापरू देत नाही, आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये तो सैल करण्याचा प्रयत्न लोकांनी काही दिवसांत उलथवला.

कर: मोठ्या गुंतवणुकीसाठीच्या २०२४ च्या 'रिजी' योजनेत ३० वर्षे नियम न बदलण्याची हमी आहे, पण किमान गुंतवणूक २० कोटी डॉलर. काबिलचे २०० कोटी रुपये म्हणजे अडीच कोटी डॉलरच्या आसपास. शोधाच्या टप्प्यावर ती हमी आवाक्याबाहेर आहे, खाण उभारायचे ठरले तरच तिचा विचार. चलनाचाही धोका धरावा, कारण डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने पेसोची अधिकृत किंमत एका दिवसात निम्म्याहून खाली आणली होती.

लोक आणि पाणी: मार्च २०२४ मध्ये, म्हणजे काबिलच्या सहीनंतर दोन महिन्यांत, काटामार्काच्या न्यायालयाने ओम्ब्रे मुएर्तो या मिठाच्या पठारावरच्या लोस पातोस नदीच्या परिसरात नवे परवाने थांबवले. सगळ्या प्रकल्पांचा मिळून पाण्यावर काय परिणाम होतो त्याचा अभ्यास आधी करा, असा आदेश दिला. दाद मागणारे तिथल्या मूळनिवासी समाजाचे प्रमुख होते.

म्हणून या प्रकल्पाची बातमी वाचताना हेक्टर मोजू नका. बोअरमधल्या खारवणात लिटरमागे किती मिलिग्रॅम लिथियम निघाले, मॅग्नेशियमचे त्याच्याशी प्रमाण काय, आणि पाण्याचा अभ्यास कोणी केला, हे दोन आकडे आणि एक नाव शोधा. मॅग्नेशियम जास्त असेल तर लिथियम वेगळे काढण्याचा खर्च चढतो, आणि मग तिसऱ्या पायरीवरचे सगळे गणित नव्याने मांडावे लागते.